दिव्याभोवतीचे रंगीत कडे

मी डोळे तपासायची एक जुनी फ्रेम आहे. चष्मा नव्हे, मित्रांनो. चष्मा माणसाबरोबर घरी जातो, त्याच्या उशाशी झोपतो, कधी त्याच्याच अंगाखाली चिरडला जातो. मी दुकानातच राहते. तुम्ही कधी डोळे तपासायला गेला असाल, तर आतल्या अंधाऱ्या खोलीत तुमच्या नाकावर एक जड, गोल, स्क्रू आणि खाचांचे धूड बसवले असेल. त्यात एकामागून एक भिंगे सरकवत कुणीतरी विचारले असेल, "हे बरं, की आधीचं बरं?" ते धूड म्हणजे मी.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. पितळेच्या पट्ट्या वाकवून माझी वर्तुळे केली, वर चकचकीत मुलामा चढवला. माझ्या कडेवर अंशांच्या बारीक रेघा कोरणाऱ्या कारागिराला स्वतःलाच जाड भिंगांचा चष्मा होता. तो घामाने सारखा घसरायचा आणि कारागीर तो खांद्याने वर ढकलायचा, कारण हात माझ्यात गुंतलेले असायचे. पुढे मला एका लाकडी पेटीत मखमलीवर झोपवले. माझ्या शेजारी भिंगांच्या रांगा होत्या, काहींच्या कडा लाल, काहींच्या काळ्या. अशी सगळी वरात घेऊन मी या रस्त्यावरच्या दुकानात आले.

तेव्हा दुकान थोरले मालक चालवत. गिऱ्हाइकाच्या नाकावर मला बसवले की ते आधी त्याच्या घरादाराची चौकशी करायचे. मुलीचं जमलं का, छप्पर गळतंय का, भावाशी बोलणं सुरू झालं का. डोळ्यांचा विषय शेवटी निघायचा. पण तोवर त्यांना बरेच काही कळलेले असायचे. कुणाला संध्याकाळी दिसत नाही, कुणाचे डोके दुपारीच का दुखते, कोण चष्मा लागू नये म्हणून खोटे बोलतो आहे, सगळे. एकदा एका ट्रकवाल्याने बाहेर बाकावर बसल्या बसल्या, आतल्या गिऱ्हाइकाचे ऐकून तक्त्याची शेवटची ओळ पाठ केली आणि आत येऊन घडाघडा म्हणून दाखवली. थोरल्या मालकांनी त्याची पाठ थोपटली आणि म्हणाले, "शाबास. पण तक्ता मी मघाशीच बदललाय." ट्रकवाला हसत हसत पुन्हा खुर्चीत बसला.

त्या काळी आमच्या रस्त्यावर एकच भाषा बोलली जायची. माणसांना बोलते करावे लागत नसे, उलट आवरावे लागे. माझ्या कानी, म्हणजे माझ्या कानाच्या दांड्यांवर, इतके बोलणे पडले की मला वाटायचे, डोळे तपासणे म्हणजे गप्पा मारण्याचाच एक प्रकार आहे.

मग रस्त्याच्या टोकाला शिवणकामाचे मोठे कारखाने उभे राहिले. दूरदूरच्या मुलखांतून माणसे कामाला आली. त्यांच्या पाठोपाठ त्यांच्या बायका आल्या, आया आल्या. भाजीवालीपासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांकडे नवे गिऱ्हाईक आले, आणि त्याच्या तोंडी नवे शब्द आले. एक गंमत मला तेव्हा दिसली. आपली भाषा समोरच्याला कळत नाही म्हटल्यावर आमच्या रस्त्यावरची माणसे आवाज चढवायची, जणू समोरचा बहिराच आहे. "खाली बघा" कळले नाही, तर तेच दुप्पट मोठ्याने. नवी माणसे बिचारी घाबरून मान डोलवायची. आणि मान डोलली की काम झाले असे समजले जायचे.

थोरले मालक थकले, दुकान धाकट्या मालकांकडे आले. त्यांना तपासणीची आवड नव्हती. त्यांनी त्यासाठी एका शिकलेल्या बाईंना नेमले. सगळे त्यांना ताई म्हणत. मित्रांनो, माझ्या आयुष्यात मला लागलेला तो सर्वांत चांगला हात. थंडीच्या दिवसांत मला कुणाच्या नाकावर ठेवण्याआधी ताई मला तळहातांत धरून ऊब द्यायच्या, गार धातू टोचू नये म्हणून. लहान मुले रडू लागली की आधी मला स्वतःच्या डोळ्यांवर चढवून घुबडासारखे तोंड करायच्या. आणि त्या हसायच्या. ओळख असो नसो, भाषा येवो न येवो, समोरच्याकडे बघून हसायच्या. पुढे जे घडले, ते अशा चांगल्या बाईंच्या हातून घडले, म्हणून ते मला अजून सलते.

एका दुपारी एक मावशी एकट्याच दुकानात आल्या. कारखान्यातून घरी आणून शर्टांना काजे करण्याचे काम त्या करत. हे आम्हाला कळले ते त्यांच्या हावभावांवरून. त्यांनी पिशवीतल्या कारखान्याच्या शर्टावरचे काज दाखवले, पदरातून सुई काढली, दोरा ओवायचा प्रयत्न करून दाखवला, तीनदा चुकल्या आणि हताश होऊन दोन्ही हात उलटे केले. बाकावरची माणसे हसली. मावशीही हसल्या. आमच्या भाषेतला त्यांना एकच शब्द येत होता, "हो".

ताईंनी त्यांना आत खुर्चीवर बसवले. अक्षरांचा तक्ता उपयोगाचा नव्हता. म्हणून त्यांनी फणीसारख्या, तीन दात्यांच्या आकृत्यांचा तक्ता लावला. दाते ज्या बाजूला असतील तिकडे बोटे दाखवायची, एवढेच. मावशींना ते चटकन जमले, अगदी शहाण्या मुलीसारखे. मग जवळचे बघायची भिंगे घातली आणि ताईंनी सुईदोरा त्यांच्याच हातात दिला. दोरा पहिल्या फटक्यात गेला. मावशींचे तोंड असे फुलले की माझा स्क्रू त्यांच्या गालात रुतला.

"हे बरं, की आधीचं बरं?" ताईंनी विचारले.

मावशींनी डाव्या भुवईवर तळहात दाबला. "बारं," त्या म्हणाल्या. "बारं, बारं."

"हेच बरं ना? झालं तर मग."

मावशी काहीतरी भराभर बोलल्या. त्यातला एक शब्दही मला कळला नाही. पण मी त्यांच्या कानशिलांवर टेकलेली होते आणि डाव्या बाजूची शीर माझ्या दांडीखाली ठणठणत होती. तो डोळा थोडा लालसरही होता. ताईंनाही लाली दिसली. त्यांनी मूठ डोळ्यावर फिरवून विचारले, "डोळे चोळता का?"

"हो," मावशी म्हणाल्या.

"चोळायचे नाहीत."

"हो."

मग मावशींनी छताकडच्या दिव्याकडे बोट केले आणि हवेत बोटाने गोल काढला. त्या गोलाबाहेर आणखी एक मोठा गोल काढला. मग स्वतःच्या लुगड्याचे काठ धरून एकेक रंग दाखवला, तांबडा, पिवळा, निळा. पुन्हा दिवा, पुन्हा गोल. एवढे करून त्या ताईंच्या तोंडाकडे आशेने बघत राहिल्या.

बाहेर बाकावर गिऱ्हाईक वाढले होते. धाकट्या मालकांनी पडदा सारून आत डोकावले. "ताई, आटपतंय का? काय म्हणतात त्या?"

ताई क्षणभर विचारात पडल्या. मग त्यांचा चेहरा खुलला. "गोल फ्रेम पाहिजे म्हणतायत. रंगीत."

बाहेर काउंटरवर रंगीत गोल फ्रेमा मांडल्या गेल्या. मावशी बुचकळ्यात पडल्या, दिव्याकडे बघितले, फ्रेमांकडे बघितले. ताईंनी त्यातली निळी त्यांना लावली, आरसा समोर धरला आणि हसून म्हणाल्या, "छान दिसता." त्या हसल्या म्हणून मावशीही हसल्या. दाराशी पोहोचल्यावर त्या पुन्हा वळल्या. दुकानाच्या पाटीवरच्या दिव्याकडे हात करून त्यांनी एक शेवटचा गोल काढला.

"गोलच दिलाय, मावशी," धाकटे मालक मोठ्याने म्हणाले. "शोभतो तुम्हाला."

मित्रांनो, चष्म्याचा नंबर अचूक होता. त्या चष्म्याने मावशींनी पुढे कितीतरी शर्टांची काजे केली असतील. चुकले ते निराळेच.

बरेच महिने गेले. मग एका सकाळी दुकान उघडताच मावशी आल्या, पण या वेळी त्यांचा हात त्यांच्या सुनेने धरला होता. सून एका खानावळीत कामाला होती आणि लोकांशी बोलून बोलून तिने आमची भाषा शिकून घेतली होती. निळा गोल चष्मा मावशींच्या डोळ्यांवरच होता.

"ताई, चष्म्याचा नंबर वाढवून द्या," सून म्हणाली. "डाव्या डोळ्यानं यांना दिसेनासं झालंय."

"कधीपासून?"

"मागे एकदा संध्याकाळी डोकं फुटायची वेळ आली होती. उलट्याही झाल्या. आम्हाला वाटलं, पोट बिघडलं. पोटाचं औषध दिलं. डोळा लाल झाला तेव्हा दवाखान्यात पाठवलं, तर डोळे आलेत म्हणून थेंब दिले. माझा नवरा कामावर, मी कामावर. या एकट्याच गेल्या होत्या, तिथं काय बोलल्या देव जाणे."

ताईंनी मला मावशींच्या नाकावर ठेवले. उजव्या डोळ्यापुढे काळी चकती घातली. तक्ता लावला. मावशींची बोटे हललीच नाहीत. ताईंनी मोठ्यात मोठी आकृती दाखवली. मग स्वतःचा हात त्यांच्या तोंडापुढे हलवला. मावशी भलतीकडेच बघत होत्या.

"अगोदर काही त्रास व्हायचा का? विचारा ना त्यांना."

सासूसुनांचे बराच वेळ बोलणे झाले. सुनेचा चेहरा गोंधळलेला दिसला.

"त्या म्हणतात, त्यांनी तुम्हाला सांगितलं होतं."

"मला? काय सांगितलं होतं?"

"दिव्याभोवती रंगीत कडं दिसतं, म्हणून. इंद्रधनुष्यासारखं, पण पूर्ण गोल. आणि हा डोळा दुखतो, जड होतो. तुम्ही ऐकून घेतलंत आणि चष्मा दिलात, म्हणून त्यांना वाटलं, त्याचंच औषध हे. डोळा दुखला तरी चष्मा काढायच्या नाहीत. झोपताना पण नाही."

ताईंचा आवाज खाली आला. "त्या तर सारखं बरं, बरं म्हणत होत्या."

"बरं नाही, ताई. बारं. आमच्याकडे बारं म्हणजे जड."

ताईंनी मला मावशींच्या नाकावरून उतरवले आणि पेटीत ठेवायचे सोडून त्या मला तशीच मांडीवर धरून बसल्या. मावशींना काय चालले आहे ते कळेना. त्यांनी चाचपडत ताईंच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि सुनेला काहीतरी म्हणाल्या.

"त्या विचारतायत, नंबर फार वाढलाय का?"

ताई उठल्या. बाहेर जाऊन त्यांनी धाकट्या मालकांना सांगितले, "मी यांना घेऊन डोळ्यांच्या इस्पितळात जातेय." "गिऱ्हाइकांचं काय?" मालकांनी विचारले. दार वाजले, आणि दिवसभर अंधाऱ्या खोलीतला दिवा कुणी लावला नाही.

इस्पितळात काय झाले, ते मला दुसऱ्या दिवशी ताईंच्याच तोंडून कळले. मावशींच्या डोळ्यांच्या आतला दाब वाढत होता. दिव्याभोवतीचे रंगीत कडे ही त्याची हाक होती, डोळा जड होणे हीसुद्धा. डाव्या डोळ्याची नस सुकून गेली होती आणि तो आता परत येणार नव्हता. उजव्यातही तेच सुरू होणार होते, पण त्यावर किरणांनी इलाज झाला आणि तो वाचला.

"डॉक्टर म्हणाले, कडं दिसायला लागलं तेव्हाच आणलं असतं, तर दोन्ही राहिले असते," ताईंनी सांगितले.

धाकटे मालक वाईट माणूस नव्हते. त्यांनी हातातली वही मिटली. मग म्हणाले, "पण आपण चष्मा तर बरोबर दिला होता ना?"

"हो," ताई म्हणाल्या. "चष्मा बरोबर दिला होता."

त्या दिवसापासून ताईंचे हसणे कमी झाले असे नाही, पण हसून झाल्यावरही त्या समोरच्यापाशी थांबू लागल्या. दर सुट्टीच्या दिवशी त्या खानावळीत जाऊन मावशींच्या सुनेसमोर बसत आणि तिच्याकडून तिची भाषा शिकत. दुखतंय, जड वाटतंय, कधीपासून, अंधारात की उजेडात, एका डोळ्याला की दोन्ही. रिकाम्या वेळी माझी भिंगे पुसता पुसता त्या हे शब्द पुटपुटत. उच्चार इतके वाकडे येत की सुरुवातीला त्या मुलखातली गिऱ्हाइके तोंड लपवून हसत. एकदा ताईंनी एका आजोबांना "डोळे दुखतात का" असे विचारायचे सोडून "म्हशी दुखतात का" असे विचारले. आजोबांनी गंभीरपणे सांगितले की म्हशी त्यांनी गाव सोडतानाच विकल्या. सुनेने हे ऐकले तेव्हा तिला हसू आवरेना. पण हसून झाल्यावर माणसे बोलू लागत. आणि ज्यांची भाषा ताईंना मुळीच येत नसे, त्यांना त्या म्हणत, "थांबा," आणि रस्त्यावर जाऊन त्यांच्या मुलखातला कुणीतरी शोधून आणत. कधी हमाल, कधी शिंपी, कधी पोळ्या लाटणारी बाई. खुणा करून कुणी काही दाखवले, तर आपल्याला कळले असे ताई आता चटकन मानत नसत.

याला वेळ लागायचा. बाकावरची माणसे उठून समोरच्या दुकानात जाऊ लागली. "ताई, हे चष्म्याचं दुकान आहे, दवाखाना नाही," धाकटे मालक म्हणायचे. ताई ऐकून घ्यायच्या आणि आत जाऊन पुन्हा तेच करायच्या.

मावशी त्यानंतर एकदा आल्या होत्या. काजे करण्याचे काम सुटले होते. एका डोळ्याने टाका कुठे पडतो याचा अंदाज येत नाही, बोटांत सुई घुसते. त्या आता घरी नातवंडे सांभाळत आणि त्यांच्याबरोबर खेळता खेळता आमची भाषा थोडीफार शिकल्या होत्या. त्या दिवशी त्यांच्याच मुलखातल्या शेजारणीला घेऊन आल्या होत्या. शेजारीण माझ्याखाली बसली आणि मावशी तिच्या बाजूला उभ्या राहून तिचे बोलणे ताईंना सांगत राहिल्या. अडखळत, पण एकही गोष्ट न गाळता.

तपासणी संपल्यावर ताई म्हणाल्या, "मावशी, मला बरेच दिवस विचारायचं होतं. दाराशी तुम्ही पुन्हा गोल काढलात, म्हणजे मला कळलं नसावं अशी शंका तुम्हाला आली होती ना? मग उठून का नाही गेलात? रागवायचं, ओरडायचं."

मावशींनी शब्द जुळवायला वेळ घेतला. "या गावात आल्यावर कोणी हसलं नाही माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "तू हसलीस. तुला नाही कसं म्हणू?"

ताईंनी एक भिंग उचलले आणि पुसायला घेतले. ते आधीच स्वच्छ होते. त्या पुसतच राहिल्या. मावशी शेजारणीचा हात धरून बाहेर पडल्या तेव्हाही त्या पुसत होत्या.

पुढे दुकानात यंत्र आले. पांढरे, हनुवटी टेकवायचे. त्यात डोकावले की आत एक लहानसे घर दिसते, आणि घर दिसेपर्यंत यंत्राने नंबर काढलेलाही असतो. धाकट्या मालकांना फार आनंद झाला. "आता काही विचारायलाच नको," ते म्हणाले. ताई थोडे दिवस राहिल्या. मग एक दिवस त्यांनी मला नेहमीप्रमाणे पुसले, मखमलीवर ठेवले आणि झाकण लावण्याआधी तळहातांत धरून थोडा वेळ उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. डोळ्यांच्या इस्पितळात, बाहेरगावच्या रोग्यांची पहिली चौकशी करायच्या टेबलावर त्या बसतात, असे ऐकले.

मला कपाटाच्या खालच्या कप्प्यात ढकलले आहे. माझ्यावरचा मुलामा उडाला, आतले पितळ उघडे पडले, एक दांडी वाकली. त्याचे मला फारसे वाईट वाटत नाही. यंत्र माझ्याहून अचूक आहे, हे मी मानते. मला वाईट वाटते ते दुसऱ्याच गोष्टीचे. मी माणसांच्या कानशिलांना टेकलेली असायची. त्यांच्या शिरा मला कळायच्या, पण मला जीभ नव्हती. ज्यांना जीभ होती, त्यांच्या शब्दांची एकमेकांशी गाठच पडली नाही.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल. कुणी काउंटरच्या या बाजूला बसाल, कुणी त्या बाजूला उभे राहाल. कधीतरी तुमच्यासमोर असा माणूस येईल, ज्याच्या तोंडचा शब्द तुमच्या शब्दासारखाच वाटेल. त्याला हसून वाटेला लावू नका. त्याने "हो" म्हटले, तर तो कशाला हो म्हणाला ते एकदा पाहा. आवाज चढवू नका, मागच्या रांगेकडे बघू नका. त्याची भाषा जाणणारे कुणी ना कुणी जवळपास असतेच. त्यांना बोलवा. लाजू नका.

परवा कपाटाचे दार अर्धवट उघडे राहिले होते. बाहेर एक म्हातारे गृहस्थ यंत्रापुढून उठले आणि काहीतरी म्हणाले. नव्या तपासनिसाने सांगितले, "झालं बाबा, नंबर आला." ते गृहस्थ पुन्हा तोच शब्द म्हणाले, जरा सावकाश. "हो हो, झालं," तपासनीस म्हणाला आणि त्यांना दाराकडे घेऊन गेला. पायऱ्या उतरता उतरता त्यांनी तो शब्द आणखी एकदा म्हटला, आता कुणालाच नाही, रस्त्याकडे तोंड करून.

मला तो शब्द ऐकू आला. त्याचा अर्थ कळला नाही. ते गृहस्थ अजून याच रस्त्यावर कुठेतरी राहत असतील. मित्रांनो, तुमच्यापैकी कुणाला त्यांची भाषा येत असेल, तर जाऊन त्यांना विचारा ना.